केबल अजून पिशवीतच आहे

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात. शोरूमच्या फरशीवर खरोखर आडवा झालो तर साहेबांना वाटेल, गाडीखाली काहीतरी गळतंय).

तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? काकू गेल्यापासून दोन्ही वेळचा स्वयंपाक तुम्हीच करता, असं ताई सांगत होती. फार दगदग करून घेऊ नका. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही.

काका, गाड्या खपत नाहीयेत. पेट्रोलवरही चालणाऱ्या आणि घरच्या विजेवरही चालणाऱ्या, तुमच्याकडे आहे तशा प्लग-इन हायब्रिड विकायचं काम माझ्याकडे. सुरुवातीला बऱ्या खपल्या. मग घेतलेल्यांनी गावभर सांगायला सुरुवात केली की ॲव्हरेज काही मिळत नाही, नुसत्या थापा आहेत. आता गिऱ्हाईक येतं, दार उघडून बघतं, लावून बघतं, आमचा चहा पितं आणि घरी विचारून सांगतो म्हणून जातं. (घरी काय विचारतात कोण जाणे, सांगायला परत कोणी येत नाही.) परवा साहेबांनी बोलावून घेतलं. या महिन्यात यातली एक तरी गाडी विकली नाही, तर माझी रवानगी टायरच्या गोदामात. तिथे खिडकी नाही की बोलायला माणूस नाही. मी तर दोन दिवसांत टायरांशी बोलायला लागेन.

म्हणून हे ॲव्हरेज जातं कुठे ते शोधायला मी जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी गेलो. एका टेलरकाकांनी चार्जिंगची केबल कपाटात जपून ठेवलेली, प्लास्टिकच्या पिशवीसकट. रोज वापरली तर खराब होईल, म्हणाले. एक मुख्याध्यापिकाबाई पाहुणे यायचे असले की तेवढी गाडी चार्ज करतात. एक निवृत्त न्यायाधीश मात्र न चुकता रोज रात्री वायर लावतात, आणि मग झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करतात, त्यात चार्जिंगचंही. मी हात टेकले. यांनी गाडी अर्धीच वापरायची आणि नावं मात्र अख्ख्या गाडीला ठेवायची.

त्यातल्या त्यात एक आशा होती. आमच्या मागच्या गल्लीतले दाताचे डॉक्टर जवळजवळ तयार झाले. पण माणूस चौकस (दाताच्या डॉक्टरांनी असावंच, नाहीतर भलताच दात हातात येतो). म्हणाले, ही गाडी वापरणाऱ्या कोणाशी तरी बोलायचंय. मी छातीठोकपणे तुमचा नंबर दिला. आणि त्याच संध्याकाळी आमचा मेकॅनिक सांगत आला की सर्व्हिसिंगला आली तेव्हा त्याने बघितलं, तुमची गाडी आजवर एकदाही चार्ज झालेली नाही. काका, तुम्ही जन्मभर वीजखात्यात नोकरी केलीत! निदान तुमच्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती.

राग नाही, वाईट वाटलं इतकंच. असो. जपून राहा.

तुमचा पुतण्या
(अजून तरी शोरूममधला)

ता. क. : एवढं करा. पत्र मिळेल त्याच रात्री गाडीला वायर लावा, आणि डॉक्टरांचा फोन आला की सांगा, ॲव्हरेज झकास आहे. एकदा लावलीत की ते अगदीच खोटं ठरणार नाही. माझी नोकरी तुमच्या हातात आहे.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात डॉक्टर आले. तुमचं त्यांचं बोलणं कालच झालं म्हणे, चांगलं तासभर. तुम्ही त्यांना सरळ सांगून टाकलंत, "घरी वायर लावली तर पेट्रोल पंपावर जायला कारण उरत नाही. तिथे मला विचारतात, काका, जेवलात का? घरी आता कोण विचारतं?" डॉक्टरांनी आज गाडी बुक केली. नुसत्या पेट्रोलची, आणि तीही माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सेल्समनकडे. (तेही एकटेच राहतात, हे मला आत्ता कळलं.)

महिना रविवारी संपतोय, तेव्हा गोदाम नक्की. वायर लावू नका, काका, मुळीच लावू नका. गोदाम तुमच्या घराच्या बाजूला आहे आणि संध्याकाळी लवकर बंद होतं. सोमवारपासून रोज जेवायला येतो. माझ्यापुरतंही शिजवा, फक्त तिखट बेताने.