अधिक पंधरा, उणे पंधरा

४ मार्च

ऑफिसातून लवकर आलो. बाबांच्या रेकॉर्ड-प्लेअरचा जुना ॲम्प्लिफायर उघडला. ट्रान्सफॉर्मर शाबूत, पण त्याच्या पुढचा सप्लाय, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा भाग, जळालाय. बाबा गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात आईने बटण दाबलं आणि धूर निघाला. तेव्हापासून ती पुढच्या खोलीत, प्लेअरजवळच्या तिच्या खुर्चीत, बसत नाही. चहा स्वयंपाकघरातच, उभ्या उभ्या.

दुरुस्तीवाला म्हणाला, "आता कोण करतं हे? टाकून द्या." टाकणार नाही. आईला परत त्या खुर्चीत बसवायचंय. सप्लाय मीच बांधतो — एकीकडे अधिक पंधरा व्होल्ट, दुसरीकडे उणे पंधरा, मधली तार शून्य.

५ मार्च

ताईचा फोन. "तू करणार? मागे फ्यूज बदललास तर फ्रीज बंद पडला होता!" म्हटलं, तेव्हा कॉलेजात होतो. "बरं बाबा. आईला लांब बसव म्हणजे झालं."

८ मार्च

अधिक बाजू जमली. मीटरवर बरोबर पंधरा.

९ मार्च

उणे बाजूचा कपॅसिटर फुटला. अधिक बाजूची हुबेहूब नक्कल करत गेलो. उणे बाजूला त्याचा अधिक पाय शून्याच्या तारेला जायला हवा — वाचलं होतं, तरी उलटाच लावला.

आई धावत दारात. "लागलं का रे?" नाही म्हटलं. "हे करायचे तेव्हा असं कधी फुटलं नाही," म्हणाली आणि गेली. खरं आहे. पण दारापर्यंत आली.

१० मार्च

नवे कपॅसिटर आणले. दोन जास्तीचे.

१३ मार्च

दोन्ही बाजू जमल्या. तासभर चालू ठेवला, काहीही तापलं नाही. बाबांचा ट्रान्सफॉर्मर ॲम्प्लिफायरच्या तळाच्या पत्र्यावर घूं घूं करत राहायचा. त्याच्याखाली रबरी वॉशर घातले. आता कान लावला तरी आवाज नाही. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. ताईला कळवलं. "मला काय सांगतोस? आईला बोलव."

१४ मार्च

सकाळी रेकॉर्ड लावली. आई खुर्चीत बसली, एक बाजू पूर्ण ऐकली. "छान वाजतंय." कप घेऊन उठली, दारात थांबली. "ते घुमायचं बंद झालं ना? सकाळी मला आत त्यावरूनच कळायचं — हे उठले, चहा टाकायचा."

ती आत गेली. मी प्लग काढला. वॉशर काढले, ट्रान्सफॉर्मर पुन्हा थेट पत्र्यावर आवळला. प्लग लावला, बटण दाबलं. पत्रा घुमायला लागला. रेकॉर्ड लावली नाही.