तापातला झटका आणि चमचा

तीर्थरूप आई,

नमस्कार. आधी शेवटचं सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. छोटी बरी आहे. आत्ता माझ्या चपला घालून घरभर फिरते आहे.

मंगळवारी तिला तापात झटका आला आणि दोन मिनिटांत थांबला. डॉक्टर म्हणाले, काही मुलांना होतं, मोठेपणी सुटतं.

आपल्या धाकट्याला लहानपणी असंच झालं तेव्हा कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या उशिरा ठेवल्या, म्हणून तू अजून स्वतःला दोष देतेस. आमच्या प्रयोगशाळेत अशाच मुलांचं रक्त तपासायला येतं. जंतूंशी लढताना शरीर दाहाची द्रव्यं सोडतं. त्यांनी ताप चढतो, आणि कोवळा मेंदूही बहुधा त्यांनीच बिथरतो. पट्ट्यांनी कपाळ गार होतं, आतली लढाई थांबत नाही. तुझं काही चुकलं नव्हतं.

झटक्यात मुलाच्या तोंडात काही घालू नये, हा कागद प्रयोगशाळेच्या भिंतीवर मीच चिकटवलाय. तरी मंगळवारी मी तिच्या दातांत धरायला चमचा आणायलाच धावले. यांनी हात धरला म्हणून थांबले.

तेव्हा तू घातलेल्या चमच्याने धाकट्याचा दुधाचा दात तुटला होता, आणि शिकून शहाणी झाल्यावर मी त्यावरून तुला केवढं बोलले होते. गुडघा कसा आहे?

तुझ्यावरच गेलेली,
तुझी लेक