दोन रेघांमधले ठिपके

३ ऑक्टोबर १९६६, सकाळ
...भात उतरवून पहिली वाटी ह्यांच्या फोटोपुढे ठेवली होती, अंथरुणं उन्हात टाकली होती, मुळ्याच्या लोणच्यावर दाबाला ठेवायला दगड शोधत होते, तेवढ्यात मॅनेजर निशिवाकींचा निरोप आला. गेल्या आठवड्यातली ती सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. निरोप असा: दोन नंबरच्या लाइनवरची तांदळाच्या भाजलेल्या चकत्यांची पाकिटं दुकानांतून परत येतात, आत चुरा. ऑक्टोबरअखेरीपर्यंत सुधारलं नाही तर लाइन बंद, बायका घरी. ट्रेनिंग मी द्यायचं, कारण क्वालिटीवरचं पुस्तक कारखान्यात मी एकटीनेच शेवटपर्यंत वाचलंय.
आज पहिला वर्ग. निश्चय: आवाज चढवायचा नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
चढला. तोमेबाईंमुळे. लाइनवर सगळ्यांत जुन्या त्याच. मी सांगत होते, दर तासाला पाच पाकिटं काढायची, तुटक्या चकत्या मोजायच्या, दोन रेघा आखलेल्या चार्टवर ठिपका द्यायचा. ठिपका वरच्या रेघेबाहेर गेला की थांबून भट्टी तपासायची. त्या म्हणाल्या, मोजत बसलो तर भाजायचं कोणी? सगळ्या हसल्या. मी शांतच होते, फक्त खडू मोडला.
मोजून झालेल्या चकत्या वाया जायला नकोत, म्हणून मी घरी नेईन, ह्यांना आवडायच्या, फोटोपुढे ठेवीन, असंही सांगितलं. तेव्हा मात्र तोमेबाईंनीही मान डोलावली. शिकवण्यात जिव्हाळा लागतो. पुस्तकात हे दिलेलं नाही.

१० ऑक्टोबर
सगळे ठिपके तळाला, शून्यावर. एकही चकती तुटलेली नाही. पुस्तक म्हणतं, इतकं चांगलं दिसलं तर आधी मोजणीवर संशय घ्या. लिहिणाऱ्याला चांगली शिक्षिका भेटली नसावी.

१४ ऑक्टोबर
पाकिटं परत येतातच आहेत. चार्टप्रमाणे दोष आमचा नाही. म्हणजे ट्रकचा.
ड्रायव्हर कामाताला बोलावून तासभर शिकवलं. प्रत्येक खड्ड्याला एक ठिपका. त्याने विचारलं, ‘बाई, ठिपके कुठल्या हाताने देऊ? स्टिअरिंग सोडलेल्या की गिअर सोडलेल्या?’ उद्धट माणूस. याला बदला, असं निशिवाकींना लिहून दिलं.

१५ ऑक्टोबर
कामाताला कोळशाच्या गाडीवर टाकलं. रात्री जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. असते तर पेपरातून डोकं न काढता ‘हं’ म्हणाले असते. आता तेवढंही कोणी म्हणत नाही.

२१ ऑक्टोबर
ड्रायव्हर नवा, चुरा तोच. आता दुकानदारांना ट्रेनिंग द्यावं लागणार. माझ्याच्याने किती होणार?

२५ ऑक्टोबर
निशिवाकी स्वतः आले. ट्रकमध्ये चढवायच्या आधीच त्यांनी एक खोकं फोडायला लावलं. पहिल्या पाकिटात चुरा. मी म्हटलं, योगायोग. दुसऱ्यातही. खोकं रिकामं होईपर्यंत माझ्याकडचे योगायोग संपले. शेजारी चार्टवर आजचा ठिपका होता, शून्यावर, शाई अजून ओली.
तोमेबाईंना बाजूला घेतलं. त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, ‘गेलेल्या माणसापुढे तुटकं कसं ठेवायचं? पाकिटं उजेडात धरून बघायचो. अख्खी असतील तीच तुमच्यासाठी काढून ठेवायचो.’
‘मी नमुना मागितला होता, तोमेबाई.’
‘तुम्ही नवऱ्यासाठी मागितलं होतं, बाई.’
यावर पुस्तकात काही नाही.
मुदत वाढवून मिळेल का, असं निशिवाकींना विचारलं. ते म्हणाले, आधी एक खरा चार्ट दाखवा, मग बोलू. महिना संपत आलाय.

२६ ऑक्टोबर
सकाळी कोळशाच्या आवारात जाऊन कामाताची माफी मागितली. मग लाइनवर गेले. पाच पाकिटं माझ्या हाताने काढली, मान दुसरीकडे फिरवून. तुटक्या चकत्या तोमेबाईंनी मोठ्याने मोजल्या. ठिपका वरच्या रेघेतच काय, कागदातही मावेना. वर दुसरा कागद चिकटवला, ठिपका दिला आणि भट्टी थांबवायला सांगितली.