केसपेपरवरची ओळ

लातूर,
दि. २२ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. उमाक्कास,
शिवशंकरचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. शिरूरकडं तुमची सोयाबीन पावसाच्या आधी निघाली म्हणे, बरं झालं. दाजींची धाप कशी आहे? मिल सोडून त्यांना दोन वर्षं झाली, पण डाळीच्या चाळणीवर अजून त्यांच्यासारखा माणूस मिळालेला नाही. तू त्यांच्यावर अजूनही रागावलेली आहेस, असं तुझी भाची साक्षी सांगत होती.

पत्र बघून तुला हसू येईल. फोन तीनदा हातात घेतला, पण तू आधी "जेवलास का" विचारतेस आणि मग मला पुढचं बोलता येत नाही. जे सांगायचंय ते शेवटी येईल. नाही आलं तर मी पुन्हा घाबरलो असं समज.

मुंबईची एक मोठी कंपनी आपली तूरडाळ घ्यायला तयार आहे. मात्र आपण समाजासाठी काय करतो, ते त्यांना फॉर्म भरून पाहिजे. सीएसआर म्हणतात त्याला. आपल्याएवढ्या मिलला कायद्यानं ते बंधन नाही, पण आता माल घेणारेच विचारतात. साक्षीनं हौसेनं यादी केली: औशाच्या शाळेला पाणी शुद्ध करायचं मशीन, बसथांब्यावर बाकडी, बाकड्यांवर आपल्या अण्णांचं नाव. खोटं कशाला सांगू, वाचताना छाती चांगलीच फुगली होती माझी.

आरोग्य शिबिर तेवढं राहिलं होतं. तेही गेल्या शनिवारी औशाजवळच्या एका गावात ठेवलं. मंडप, बॅनर, छातीचे डॉक्टर, सगळी जय्यत तयारी. फक्त माणसं नव्हती. ऐन राशीच्या, मळणीच्या दिवसांत शिबिराला कोण येणार? शेतकऱ्याच्या मालावर मिल चालवणाऱ्याला एवढंही सुचू नये. फोटोवाला ताटकळला, तेव्हा मी मिलमध्ये फोन करून चाळणीवरचे अकरा जण टेम्पोत बसवून बोलावले. खुर्च्या भरल्या. फोटो झकास आले.

रिकामं कशाला बसायचं म्हणून डॉक्टरांनी त्यांनाच तपासायला घेतलं. एका नळीत जोरानं फुंकायचं, म्हणजे फुप्फुसात दम किती ते मशीन सांगतं. अकरापैकी सात जणांना धड फुंकता येईना. ग्यानोबा तुला आठवत असेल, क्विंटलचं पोतं एकट्यानं पाठीवर घ्यायचा. तो तिसऱ्या वेळी खालीच बसला. धाप ओसरल्यावर मला म्हणाला, "मालक, ही मशीन मिलमधीच ठेवा की. गावाला कशाला दाखवायलेत?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे बिडी ओढतात का? अक्का, "हो" माझ्या ओठांवर तयार होतं. मी गिळलं. डाळीची धूळ आहे, असं सांगितलं.

परत येताना साक्षीनं विचारलं, एवढ्या सोप्या प्रश्नाला इतका वेळ का लागला? तिला सगळं सांगितलं.

आता धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसेपर्यंत भरडणी बंद ठेवली आहे. दिवाळीच्या तोंडावर बंद, म्हणून व्यापारी मला वेड्यात काढतायत. पगार चालू आहेत. सातही जणांचं औषधपाणी मिल करेल, आणि ती मदत म्हणून नव्हे. कंपनीच्या फॉर्ममध्ये, तुमच्या उद्योगामुळं कुणाला इजा झाली आहे का, असाही एक प्रश्न आहे. तिथं मी सात नावं लिहिली आणि त्यांच्या वर आठवं, रामलिंग दाजींचं. हे वाचून ते ऑर्डर देतील असं वाटत नाही. भीती वाटते, पण खोडणार नाही.

आता तेच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी दाजींना आपण नांदेडला दाखवलं. तू औषधांच्या रांगेत उभी होतीस. मिलच्या धुळीबद्दल तेव्हा तक्रार झालेली होती. दवाखान्याच्या कागदावर धूळ आली तर मिलला टाळं लागेल, या भीतीनं माझी झोप उडाली होती. डॉक्टरांनी व्यसन विचारलं. दाजींनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "बिडी ओढतात, बरीच वर्षं." दाजींनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं, आणि तेच तू वाचलंस.

गळ्यात लिंग घालून माणूस चोरून बिडी ओढत होता, असं तू चारचौघांत म्हणतेस. घरात त्यांच्याशी कामापुरतं बोलतेस. हे सगळं माझ्या कानावर येत होतं आणि मी गप्प होतो. तेही गप्प राहिले, तुझ्या भावाची मिल चालावी म्हणून. मला याची फार लाज वाटते, अक्का.

त्यांनी जन्मात बिडी ओढलेली नाही. त्यांच्या छातीत आहे ती माझ्या मिलची धूळ.

पत्र वाचून झालं की आधी त्यांच्याजवळ जाऊन बस. माझ्याशी कधी बोलायचं, ते नंतर ठरव.

तुझा, आणि त्याहून जास्त दाजींचा अपराधी,
शिवशंकर