सहा उभ्या, सहा आडव्या

प्रिय भिंगरी,

पत्राच्या आरंभी प्रकृतीची विचारपूस करावी, हा संकेत मला ठाऊक आहे. तथापि पाच वर्षांच्या अबोल्यानंतर ‘कशी आहेस?’ एवढेच विचारणे मला अपुरे वाटते. म्हणून ज्या बाटल्यांवरून आपले बिनसले, त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. त्या बाराच्या बारा मी जपून ठेवल्या होत्या. त्यांपैकी दोन गेल्या रविवारी उघडल्या.

तुला तो दिवस आठवत असेलच. हॉटेलच्या तळघरातले माझ्या हाताखालचे काम सोडून तू मैत्रिणीसोबत बिअर बनवू लागलीस आणि पहिल्या खेपेतल्या, बूच मारून तारेने आवळलेल्या डझनभर बाटल्या माझ्यासाठी घेऊन आलीस. पाच वर्षांनी उघडायच्या, तोवर अंधारात आणि उभ्या ठेवायच्या, असे तू मला दोनदा बजावलेस. मी मान डोलावली. पुढच्या वेळी तू आलीस, तेव्हा जिन्याखालच्या खोलीत त्या सगळ्या आडव्या निजलेल्या होत्या. एकेचाळीस वर्षे वाइनची निगा राखलेला माणूस मी. बाटली आडवी ठेवली, म्हणजे बूच ओले राहते, आकसत नाही आणि आत हवा शिरत नाही, हे माझ्या हाडीमांसी खिळलेले. बिअरमधला गाळ तळाशी बसू द्यायचा असतो, बुचाचा वास तिच्यात उतरू द्यायचा नसतो, असे तू समजावू लागलीस, तर मी पाहुण्यांदेखत म्हणालो, “अगं, बिअर ही काय मुरवायची वस्तू आहे? दुपारी आणावी, संध्याकाळी संपवावी!” सगळे हसले. तू हसली नाहीस. “बाबा, निदान चूक काढण्यापुरतं तरी माझं वाक्य पूर्ण ऐकता का हो तुम्ही?” एवढेच विचारून तू चपला घातल्यास.

तू गेल्यावर आठवडाभराने मी त्यांतल्या सहा बाटल्या उभ्या केल्या. तुझ्या आईने कारण विचारले, तेव्हा तुलनात्मक प्रयोग करतो आहे, असे मोठ्या रुबाबात सांगितले. मनात हेतू एकच होता: पाच वर्षांनी दोन्हींतली एकेक उघडायची आणि तुझे म्हणणे चुकीचे होते, असे तुला सप्रमाण कळवायचे. निगा राखण्यात मात्र मी पक्षपात केला नाही. उजेडाने बिअर बिघडते, म्हणून झरोक्याला जाड काळा कागद चिकटवला. तापमापक टांगून रोज सकाळी पाहू लागलो. पारा बावीस अंशांच्या वर सरकला, की मी ओली गोणपाटे घेऊन धावायचो. भिंतीपलीकडचे कपडे धुण्याचे यंत्र थरथरते आणि त्याने गाळ ढवळतो, म्हणून ते स्वयंपाकघरात हलवले. तेव्हा तुझ्या आईचा संयम सुटला. “लेकीला एक फोन करवत नाही, आणि तिच्या बाटल्यांची बाळंतपणं काढताय!” असे ती म्हणाली. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. मी यंत्राची नळी जोडू लागलो.

आता रविवारचा वृत्तान्त. आडव्या बाटलीचे बूच मऊ पडले होते. ते मुकाट्याने निघाले आणि फेस वर येता येताच विरला. उभ्या बाटलीने मात्र असा दणका दिला, की शेजारीण खिडकीत आली. फेस दाट, रंग तांबूस आणि गाळ तळाशी शिस्तीत बसलेला. तुझ्या आईने दोन्ही पेले हुंगले. “अहो, ह्या आडवीला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय! आणि ही बघा, कशी भाजलेल्या पावासारखी, थोडी मधासारखी... तुम्हाला कळत कसं नाही?” मी नुसता हुंकार दिला आणि पेला बराच वेळ नाकाशी धरून बसलो. निकाल तुझ्या बाजूने लागला आहे. चूक माझी होती, आणि ती केवळ बाटल्यांपुरती नव्हती, हेही मी येथे लेखी मान्य करतो.

पत्र एवढ्यावर संपवता आले असते, आणि ते मला शोभूनही दिसले असते. परंतु तो निकाल मी दिलेला नाही. तो तुझ्या आईने दिला. हिवाळ्यातल्या तापानंतर मला वासच येईनासा झाला आहे. साबण, कॉफी, उत्तमातली उत्तम वाइन, सगळे सारखेच. ही गोष्ट आईला मी त्या रविवारी सांगितली आणि तुला आज सांगतो आहे. डॉक्टर म्हणतात, नाकाला रोज सराव दिला, तर वास पुष्कळ अंशी परत येईल. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ लवंग आणि लिंबाची साल हुंगत बसतो. परवा सालीतून क्षणभर काहीतरी ओळखीचे येऊन गेले, आणि मी लहान मुलासारखा तुझ्या आईला हाका मारत सुटलो. तू येशील का? उभ्या ठेवलेल्या पाच बाटल्या शिल्लक आहेत. त्यांतली एक आपण उघडू. तू घोट घे आणि तिच्यात तू काय काय उतरवले आहेस, ते मला सावकाश सांग. बाकीच्या चार माझे नाक परत येईपर्यंत ठेवाव्या म्हणतो. तोवर त्या टिकतील का, हे मला ठाऊक नाही. ते तूच येऊन पाहा.

तुझी वाट पाहणारा, तुझाच,
बाबा