काजव्याची साप्ताहिक सुट्टी

२ जून, रात्री ८
आजपासून काजवा-निरीक्षण. प्रत्येक जातीचा लुकलुकण्याचा ठेका वेगळा, असं पुस्तकात आहे. बँकेत एकतीस वर्षं लोकांच्या सह्या ओळखल्या, काजवे ओळखणं म्हणजे डाव्या हातचा मळ. मुलगी अकरा तारखेला नोकरीसाठी दूर चाललीय. त्याआधी तिला आपल्या अंगणातला काजवा जातीसकट दाखवायचाच.
काजवे : शून्य. डास : भरपूर.

४ जून
शून्य. मुलीने विचारलं, बाबा, वाईट वाटतंय का? म्हटलं, संशोधकाला वाईट वाटत नसतं. (वाटत होतं.)

५ जून, ७.४०
सापडला! कुंपणाच्या झुडपात हिरवट उजेड. मी दोनदा टॉर्च मारली, बरोबर दोन सेकंदांनी उत्तर आलं. उत्तर देते ती मादी (पुस्तक, पान ४१). मुलीला हाका मारून घसा बसला, पण कार्टी ऐन वेळी गायब. दहा मिनिटांनी उगवली, केसांत पालापाचोळा. नीट राहत जा म्हणालो.

७ जून, रविवार
मादी आली नाही. मुलगीही मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली होती, त्यामुळे तिचं काही नुकसान झालं नाही.

८ जून
मादी हजर. आज मीच ठेका चुकलो, तर ती थांबली आणि पहिल्यापासून सुरू केलं! पुस्तकात असं काही नाही, म्हणजे नवीन जात. शेजारच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना नोंदी दाखवल्या. म्हणाले, रविवारी सुट्टी घेणारा कीटक त्यांच्या वाचनात नाही. जळतात लोक. जातीला मुलीचं नाव द्यायचं नक्की.

११ जून
मुलगी गेली. स्टेशनवर म्हटलं, तुला काजवा दाखवायचा राहूनच गेला. गळ्यात पडून रडली. एका किड्यापायी एवढं? हळवी आहे पोर.
संध्याकाळी मादी नाही. हवामान खराब असावं.

१२ जून
हवामान उत्तम. मादी नाही. जेवण गेलं नाही. घर खायला उठलंय.

१३ जून, ७.४०
उजेड! पण पांढराफटक. मी दोनदा टॉर्च मारली, उत्तर बऱ्याच वेळाने आलं, तेही चारदा. मग झुडपातून बायकोने विचारलं, अहो, नक्की किती वेळा दाबायचं? पोरीने फोनवर घाईघाईत सांगितलं.
वही मिटून मांडीवर ठेवली. 
बायको बाहेर यायला निघाली. म्हटलं, थांब. दोनदाच, पण आधी दोन सेकंद जाऊ दे.
मी टॉर्च मारली. तिने तीनदा दाबलं.