चारशे वेळा मजेत

ती. आईला इथूनच वाकून नमस्कार.

तू कामाचं विचारलंस. लोक ज्यात मजकूर लिहितात, त्या प्रोग्रामची परीक्षा घेणारा दुसरा प्रोग्राम मी लिहिते. तो आपोआप एक वाक्य टाइप करतो, पुसतो, परत आणतो. शब्द न् शब्द जुळला की हिरवी खूण. खरंखोटं तो बघत नाही.

वाक्य मीच दिलंय: ‘आई, मी मजेत आहे.’ दिवसातून चारशे वेळा हिरवी खूण येते.

शेजारच्या तिन्ही खुर्च्या या महिन्यात रिकाम्या झाल्या, तेवढीच शांतता. जेवते वेळेवर. बाबांचा खोकला कसा आहे? लपवू नकोस हं.

आई, मी मजेत आहे. तुला माझ्या अक्षरावरून सगळं कळतं, म्हणून या वेळी पत्र टाइप केलंय.

तुझीच,
धाकटी